बस्त्यावचा कोट

"काय तरी पुरावं लागतं ना गो," रेजीनमावशी म्हणाली. "नि माज्याकडं त्याचं पुरायला काय नाय."

मी तेलाचा डबा तिच्या ओट्यावर ठेवत होते. डबा ठेवला आणि हात पदराला पुसत तशीच उभी राहिले.

"पाद्री बोलतात, उपास लागला की पयल्याच शुक्रवारी मिसा घेऊ. मेलेल्याची मिसा. मी सात महिने नाय बोलले. आता हो बोलले. कंपनीचा कागद आलाय, बोट बुडली, त्यात त्याचं नाव हाय. एकटी बाई किती दिस नाय बोलंल? पन समुद्रात गेलेल्याचं अंगावरचं एक कापड तरी आमच्यात कुरुसाजवळ पुरतात. त्याचे जुने सदरे मीच फाडून पुसन्या केल्या. कोट होता चांगला, तर तो तो घालून गेला."

"हो," मी म्हणाले.

कोट माझ्याकडे होता. आमच्या घरी, माझ्या ट्रंकेत तळाशी, जुन्या चादरीत गुंडाळलेला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तसा प्रकार. फक्त काख माझी होती आणि वळसा बिचारी ती घालत होती.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. आता ऐंशीची आहे, आणि मधल्या काळात मला शहाणपण आलं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आमचं गाव साखरखार. खाडीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे कुरुसवाडी. साखरखारात आम्हा बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची, अकरा घरं होती. बाबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद म्हणून गावात आम्ही शनिवार तेली. कुरुसवाडीची सगळी वस्ती ख्रिस्ती; कुरुस म्हणजे क्रूस, मिसा म्हणजे त्यांची चर्चमधली प्रार्थना. आणि तिथल्या स्वयंपाकघरांत खोबरेल तेल आमचंच जायचं. बाबांचे गुडघे गेल्यापासून डबे पोचवायला होडीतून मी जायची. रेजीनमावशी डुकराचं मटण करी त्या कढईत आमच्यासाठी कधी काही तळत नसे. तिनं खास आमच्यासाठी वेगळी छोटी कढई ठेवली होती. तिच्यात ती फुगे तळून आमच्या घरी पाठवायची. ताडीत भिजवलेल्या पिठाचे ते गोल, पोकळ फुगे आई आधी नाक मुरडून बघायची आणि मग चार खायची.

बस्त्याव तिचा एकुलता एक. सातवीपर्यंत आमच्या शाळेत होता, माझ्या मागच्या बाकावर. पुढचं मी सांगायला पाहिजे असं नाही, पण सांगते. माझं त्याच्यावर प्रेम होतं. हे मी त्याला कधी म्हणाले नाही आणि तोही मला कधी म्हणाला नाही. बोलून करणार काय होतो? आमच्या अकरा घरांत मला जाळलं असतं आणि त्याच्या वाडीत त्याला. बोललो नाही, म्हणून लोकांना कळलं नाही. आम्हाला मात्र चांगलं कळत होतं.

दोन्ही गावची माणसं एकत्र यायची ती वर्षातून दोनदा. एकदा त्यांच्या इंत्रूदला आणि एकदा आमच्या पुरीमला. इंत्रूद म्हणजे चाळीस दिवसांच्या उपासाआधीचे तीन दिवस. मुखवटे, बायकांची लुगडी नेसलेले बाप्ये, ताडी, ढोल, गाढवावर बसवलेला खोटा राजा, आणि शेवटच्या संध्याकाळी त्या राजाच्या जागी पेंढ्याचा माणूस करून जाळायचा. आमचा पुरीम नेमका होळीच्या पौर्णिमेला यायचा, म्हणून जुनी माणसं त्याला होळीचा सणच म्हणत. आमच्यातही सोंगं होती. राणी एस्तेर, तिचा राजा, घोड्यावरचा मर्दखय, आणि सगळ्या यहुद्यांना मारायला निघालेला दुष्ट हामान, ज्याचं पोथीत नाव आलं की सगळ्यांनी पाय आपटून ते बुडवायचं. पेंढ्याचा हामान आम्हीही करायचो. दरवर्षी त्यांचा सण आधी यायचा नि आमचा नंतर, म्हणून त्यांचे मुखवटे वापरून झाले की टोपलीत भरून होडीतून आमच्याकडे यायचे. एकच दाढी अलीकडे मर्दखयाला लागायची आणि पलीकडे खोट्या राजाला.

आदल्या वर्षीच्या पुरीमला बस्त्याव असाच टोपली घेऊन आला होता. आमच्या घाण्यापुढच्या ओट्यावर बसला. मी पुरणपोळीचं ताट पुढे केलं.

"उपास हाय गो. आईची शपथ हाय."

"एवढ्याशा पोळीनं काय होतंय?"

"ती पलीकडनं बगते. तिला तिथनं घाण्याचा बैल पन दिसतो, मी नाय दिसनार?" आणि मग ताटाकडे बघत म्हणाला, "तुमचं उलटं हाय बग, सिपू. आमच्यात आधी नाचून खाऊन घ्यायचं, मग चाळीस दिस तोंड पाडून उपास. तुमच्यात एस्तेरचा उपास आधी, नाच मागनं."

"मग कुणाचं बरं?"

"तुमचं. तुमचं दुःख आधी संपतं."

"आणि तुमचं?"

"आमच्यात निदान मजा पदरात पडते," तो म्हणाला. "पुढचं कुनी बगितलंय?"

त्यानंतर दोन महिन्यांनी वैशाखात तो मालबोटीवर खलाशी म्हणून लागला. निघाला त्या दिवशी रेजीनमावशीनं त्याच्या अंगावर तो काळा कोट चढवला. त्याच्या बापाचा लग्नातला कोट, तिनं स्वतः उसवून त्याच्या मापाचा केलेला. वरचं बटण हरवलं होतं, तिथे तिनं तपकिरी बटण लावलेलं. वैशाखातल्या उन्हात कोट घालून तो होडीत बसला, पलीकडे आई हात हलवत उभी, आणि अलीकडे उतरल्यावर एसटीची वाट बघायच्या निमित्तानं तो घाण्यावर आला. आत, पोत्यांच्या आडोशाला येऊन त्यानं कोट काढला.

"ठेव हा तुज्याकडं. बोटीच्या इंजिनात कोट काय करू? आईला वाटू दे घालून गेला."

"आणि परत कधी?"

"इंत्रूदला येतो. मुखवटा घालून येईन. वळखलंस तर दे."

बोट आषाढात बुडाली. माझ्याकडे कोट राहिला आणि रडायला जागा नव्हती. त्याची आई निदान ओट्यावर बसून रडू शकत होती, मी घाण्याच्या कुरकुरीत रडायची.

तर आता कोट परत करायचा होता, आणि करायचा कसा, ते सुचत नव्हतं. हातात नेऊन दिला असता तर पहिला प्रश्न आला असता की तुझ्याकडे कसा. आणि तो प्रश्न नेमका नको त्या वेळी आला असता. पेणच्या एका घरातून माझं लग्न ठरत होतं. मुलगा इस्राएलात लोदला नोकरीला होता, पुरीमच्या दिवशी त्याची आई तोंड गोड करायला आमच्याकडे येणार होती, आणि मग बोटीनं मी जाणार, वर्षा-दोन वर्षांत घरची मंडळी मागून येणार. बाबांचा घाणा गिरणीपुढे टिकत नव्हता. सगळ्यांचं पुढचं आयुष्य माझ्या त्या लग्नाला टांगलेलं होतं.

मग मला इंत्रूदची आठवण झाली. कुरुसवाडीत मुखवट्याचा एक नियम होता. मुखवटा बोलत नाही. तो घरात शिरतो आणि घरातली माणसं त्याला ओळखतात, नाव घेतात. नाव चुकलं तर त्यानं मान आडवी हलवायची, बरोबर आलं तर उभी. चेहरा दाखवायचा तो संध्याकाळची घंटा झाल्यावरच, कुरुसाच्या चौकात, सगळ्यांनी एकदम. आणि मुखवट्यानं मान खोटी हलवायची नाही. दारू प्यालेला माणूसही ते पाळायचा. तोंड खोटं बोलतं, मुखवटा बोलत नाही, असं तिथे लहान मुलांनाही शिकवत.

मी ठरवलं, मुखवटा घालून जायचं, कोट खुर्चीवर काढून ठेवायचा आणि निघायचं. विचारायला तोंडच नाही, तर उत्तर कसलं? कोट मिळाला की ती तो पुरेल, मिसा होईल. ताकाला जाऊन भांडं लपवायची आमच्या घराण्याची खोड नव्हती, ती मी त्या दिवशी नव्यानं सुरू केली.

इंत्रूदच्या शेवटच्या मंगळवारी आत्याकडे जाते सांगून दुपारी निघाले. माझा भाऊ शालोम मुंबईला होता, त्याची पॅंट घातली, केस त्याच्या हॅटमध्ये कोंबले, आणि आमच्याकडे राहून गेलेला आदल्या पुरीमचा राजाचा मुखवटा लावला. कोट घातला. तो मला सगळीकडून सैल होता. त्याला अजून इंजिनतेलाचा नाही, आमच्याच घाण्याचा वास येत होता, आणि त्याखाली थोडा त्याचा. होडीत दहा-बारा सोंगं होती. होडीवाल्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. खोटं कशाला बोलू, तेवढा वेळ मी सुखात होते. त्याच्या कोटात बसून त्याच्या गावाला चालले होते.

वाडीत ढोल चालले होते. शोकाच्या घरी मुखवटे जात नाहीत, म्हणून रेजीनमावशीच्या गल्लीत कुणी नव्हतं. दार उघडंच होतं. ती खिडकीशी सुपात तांदूळ निवडत बसली होती.

"कोन रं तू?" ती वर न बघता म्हणाली. "या घरात इंत्रूद नाय यंदा. जा बाबा."

मी वरच्या बटणाला हात घातला. घाईत ते काजातून निघेना. तेवढ्यात तिनं वर पाहिलं. आधी माझ्या हाताकडे, मग बटणाकडे. सूप तिच्या मांडीवरून खाली गेलं आणि तांदूळ सगळ्या जमिनीवर पसरले. ती त्यांच्यावरून चालत आली. माझ्या बाहीचं टोक तिनं हातात घेतलं, आतला शिवणीचा दोरा बघितला, आणि मग त्या मुखवट्याच्या डोळ्यांत बघून अगदी हळू म्हणाली, "बस्त्याव?"

मान आडवी हलवायची होती. एवढंच करायचं होतं मला.

मी उभी हलवली.

का, ते मी साठ वर्षं स्वतःला विचारते आहे. सात महिन्यांत त्याचं नाव मी ऐकलं होतं ते फक्त बुडालेल्यांच्या यादीतलं. 'बिचारा' लावल्याशिवाय कुणी ते घेत नव्हतं. आणि त्या क्षणी कुणीतरी त्याला हाक मारली, जिवंत माणसाला मारतात तशी. मला वाटलं, हाकेला ओ तरी कुणी द्यायला हवी. त्याच्या वतीनं मी दिली.

ती रडली नाही. तिनं माझ्या दंडावरचं सैल कापड चिमटीत धरलं.

"किती बारीक झालास रं," ती म्हणाली. "खायाला देत नव्हते काय? थांब. पानी आनते. घंटा होईस्तवर बोलू नको, मला ठावं हाय. थांब हां."

ती आत वळली आणि मी पळाले. कोट काढायचं भान राहिलं नाही. तो अंगावर घेऊनच मी होडीत बसले. होडी धक्क्यावरून सुटली तेव्हा चर्चची घंटा झाली. कुरुसाचा चौक तिथून पाण्याला लागूनच आहे. तिथे सगळे मुखवटे काढत होते, हसत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते, आणि पेंढ्याचा राजा पेटला होता. त्या गर्दीत रेजीनमावशी हातात पाण्याचा गडू घेऊन एकेकाच्या पुढे उभी राहत होती. चेहरा बघायची आणि पुढच्याकडे जायची. मी होडीत पाठ फिरवून बसले. पाठ फिरवून बसले, हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम आहे, ती मान हलवण्यापेक्षाही.

शुक्रवारची मिसा झाली नाही. तिनं काळं लुगडं काढून टाकलं. माझा पोर आला होता, म्हणाली, त्याच्यामागं कुनी तरी लागलंय, म्हनून तोंड दावलं नाय. मानेनं हो बोलला. वाडीतल्या लोकांनी तिची समजूत घातली, मग कीव केली, मग वेडी ठरवली. पाद्रींनी चर्चमध्ये सांगितलं की ज्यानं तो मुखवटा घातला होता त्यानं पुढे यावं, कुणी त्याला शिक्षा करणार नाही. वाडीतलं कुणी पुढे आलं नाही, कारण वाडीतलं कुणी नव्हतंच. ही सगळी बातमी तेलाच्या गिऱ्हाइकांबरोबर आमच्या ओट्यावर येत होती. आई ऐकून हळहळायची. आणि दरवेळी मी तेल मापताना सांडायची. चोराच्या मनात चांदणं.

सोळा दिवस मी गप्प बसले. रोज ठरवायची, उद्या. मग एस्तेरचा उपास आला. तो मी कडक केला, पाण्याचा थेंबही नाही. संध्याकाळी मशिदीत एस्तेरची पोथी वाचली. आमच्या प्रार्थनेच्या घराला आम्ही मशीदच म्हणायचो. खाली पुरुष हामानाच्या नावावर पाय आपटत होते, वर माडीत बायका. मी लहानपणापासून ती गोष्ट ऐकत आले, पण त्या दिवशी एकच ओळ कानात राहिली. एस्तेरनं आपण यहूदी आहोत ते सांगितलं नव्हतं. राजवाड्यात राणी होऊन बसली होती आणि गप्प होती. आणि मग एक दिवस जिवावर उदार होऊन सांगितलं, आणि सगळे वाचले. मला वाटलं, सांगितलं की वाचतात.

दुसऱ्या दिवशी पुरीम. आईनं पोळ्या केल्या, करंज्या केल्या, शेजारीपाजारी ताटं गेली. दुपारी पेणच्या बाई आल्या. भारदस्त, हळू बोलणाऱ्या. त्यांनी मला जवळ बसवलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "लोदला थंडी फार, हो. अंगावर घ्यायला काहीतरी जाड शिवून घ्या." आई हसली. बाबा खुर्चीत सरळ बसले होते. सगळं जमलं होतं.

आणि रेजीनमावशी दारात आली. उन्हातून आलेली, लाल लुगड्यातली, हातात झाकलेली थाळी.

"सणाचं तोंड गोड करा शेट," ती म्हणाली. "तुमच्याच कढईतलं हाय. छोट्या."

आईनं फडकं उचललं. फुगे होते.

"अगं रेजीन, उपासात तळलंस?"

"पोर आल्यावर कसला उपास?" ती खाली बसली. "रोज तळते. कवा येईल सांगता येत नाय. गार झालेलं त्याला आवडत नाय. आनखी एक डबा तेल लागंल मला."

पेणच्या बाईंनी आईकडे बघितलं. आईनं डोळ्यांनीच जरा थांबा म्हणून सांगितलं. रेजीनमावशीचे हात तेलानं पोळलेले होते, मनगटापर्यंत डाग. सोळा दिवस रोज तळत होती ती.

मी उठले. आत गेले, ट्रंक उघडली आणि कोट आणून तिच्या पुढ्यात ठेवला.

"मावशी, ऐक. तो नव्हता. मी होते. इंत्रूदला मुखवटा घालून तुझ्या घरी मी आले होते. कोट तो जाताना माझ्याकडे ठेवून गेला होता, तुला न सांगता. तो परत ठेवायला आले होते, मिसेला तुला हवा होता म्हणून."

"सिपोरा," आई म्हणाली. एवढंच.

"तुझ्याकडे का ठेवून गेला?" हे बाबांनी विचारलं.

"कारण त्याला माहीत होतं मी जपेन," मी म्हणाले. "आणि मलाही माहीत होतं."

पेणच्या बाईंनी माझ्या जागेवरचा आपला पदर उचलून घेतला. तो तिथे नुसता पडला होता, पण त्यांनी उचलला, आणि मला समजलं. समजलं आणि काही वाटलं नाही. माझं सगळं लक्ष रेजीनमावशीकडे होतं. मी वाट बघत होते की ती मला मारेल, शाप देईल, निदान रडेल. मग मिसा होईल, कोट पुरला जाईल, ती काळं नेसेल आणि हळूहळू जेवायला लागेल.

तिनं कोट उचलला. तपकिरी बटणावर अंगठा फिरवला. कॉलर नाकाशी नेली. आणि तिचा चेहरा उजळला.

"म्हंजे तुज्याकडं पन आला होता," ती म्हणाली.

"नाही गं मावशी. तो मेला. मी होते ती. मी मान हलवली."

"तू कशी असशील गो? मुखवटा खोटं बोलत नाय. मी त्याचं नाव घेतलं, मुखवटा हो बोलला." ती लहान मुलाला समजवावं तशी मला समजावत होती. "आता तू तोंडानं बोलतेस. तोंडाचं काय? त्यानंच सांगितलं असंल, आईला असं सांग म्हनून. तिला घोर नको. कुनी मागं लागलेलं असताना मानूस असंच करतो. कोट पन तुज्याकडं देऊन गेला, म्हंजे कुनी वळखू नये."

मी आईकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. कुणी तरी सांगा ना हिला, असं मला ओरडायचं होतं. पण बाबांची मान खाली होती आणि आई मला बघत होती, पहिल्यांदाच बघावं तशी. माझ्याकडे सांगायचं होतं तेवढं मी सांगून टाकलं होतं. माझं लग्न, घरच्यांचं जाणं, माझी अब्रू, सगळं त्या एका वाक्यात देऊन टाकलं होतं, आणि त्यातून तिला जे मिळालं ते हे होतं. पुरावा.

ती सरकून माझ्या जवळ आली. कोट माझ्या मांडीवर ठेवला.

"ठेव तुज्याकडंच. मागंल तवा दे." मग आवाज खाली आणून, दोन बायका आपल्या माणसाबद्दल बोलतात तसं तिनं विचारलं, "बारीक झालाय ना गो?"

मला मुखवटा हवा होता तेव्हा. नव्हता.

"हो," मी म्हणाले. "फार बारीक झालाय."

तिनं मान हलवली, आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पेणच्या बाई पोळी न मोडता गेल्या. आईनं त्यांचं ताट तसंच उचललं. बाबा माझ्याशी शवूओथच्या सणापर्यंत, जवळजवळ तीन महिने, बोलले नाहीत. घाणा पुढच्या वर्षी बंद झाला, आणि आम्ही तरीही इस्राएलात आलो, कर्ज न काढता पण फार काही न घेता. लोदला मी एका विधुराशी लग्न केलं. भला माणूस होता, दोन मुलं झाली. कोट बरोबर आणला होता. नवऱ्यानं एकदा विचारलं, हा कुणाचा? मी सांगितलं, गावाकडच्या एका बाईनं सांभाळायला दिलाय. ते खरंच होतं.

इथे पुरीमला सगळा गाव सोंगं घेतो. नाती येऊन कपाट उघडतात, आजी, तो काळा कोट दे, मला राजा व्हायचंय. मी देत नाही. दुसरं काहीही न्या म्हणते. एस्तेरचा उपास मी अजून करते, ऐंशीव्या वर्षी, डॉक्टर ओरडतात तरी. संध्याकाळी बाकीचे उपास सोडतात आणि नाचतात. बस्त्याव म्हणायचा, तुमचं दुःख आधी संपतं. मी मात्र त्यांच्यासारखं केलं. होडीतली ती दुपार आधी घेतली, पुढचं नंतर.

ब्याऐंशी साली कुरुसवाडीहून नव्या पाद्रींचं पत्र आलं. रेजीनमावशी गेली. शेवटपर्यंत दर इंत्रूदला दार उघडं ठेवून बसायची, छोट्या कढईत तळायची, शेजारची पोरं मुखवटे लावून तिच्याकडे जात आणि ती त्यांना खायला घाली, पण एकाचंही नाव घेत नसे. मुलाची मिसा तिनं कधी होऊ दिली नाही. आता ती नाही, तर दोघांची एकदम घ्यावी असा वाडीचा विचार आहे. तिच्या शेजारी त्याचं काहीतरी पुरायचं आहे. जुनी माणसं सांगतात की त्याचा एक कोट होता आणि तो तुमच्याकडे असावा. पाठवता येईल का?

मी कोट काढला. बटणावर अंगठा फिरवला. एकदा पुरला की त्याचं जाणं खरं होणार होतं, आणि तिच्यानंतर त्याची वाट बघणारं जगात एकच माणूस उरलं होतं. मी टेबलाशी बसले आणि पाद्रींना उत्तर लिहिलं. मावशीच्या मिसेला मेणबत्त्यांसाठी पैसे पाठवते आहे. कोट माझ्याकडे नाही. तो तो घालून गेला.